'आते गाय' म्हणजे कोण? नोरा आउनोर समजून घ्यायची तर

दुबईला असताना आमच्या ऑफिसात अकाउंट्सला एक फिलिपिनो बाई होती, पन्नाशी उलटलेली, कॅल्क्युलेटरवर बोटं अशी चालायची की बघत बसावं. तिच्या मॉनिटरच्या कोपऱ्यात एका बाईचा छोटा फोटो चिकटवलेला होता. सावळी, चेहरा साधाच, पण डोळे असे की कुठल्याही बाजूने गेलं तरी आपल्याकडेच बघतेय. मला वाटलं आई असेल नाहीतर बहीण. एकदा विचारलं तर म्हणाली, "आते गाय". आता आपल्याला काय ऐकू येणार, आते म्हणजे आत्या आणि गाय म्हणजे गाय, मी आपला गप्प. मग तिनेच हसत सांगितलं की त्यांच्याकडे 'आते' म्हणजे मोठी बहीण, आपण ताई म्हणतो तसं, आणि 'गाय' हे त्या बाईचं लाडाचं नाव. खरं नाव नोरा आउनोर, सिनेमातली नटी आणि गायिका, आणि फिलिपिन्समध्ये नुसतं 'सुपरस्टार' म्हटलं की तीच, पुढे नाव लावायची गरज नाही.

मी म्हटलं असेल, प्रत्येक देशात एक असतेच. पण एप्रिल २०२५ मध्ये नोरा गेली तेव्हा या बाईचा मला मेसेज आला, इतक्या वर्षांनी, आणि मग मी नीट बसून वाचलं, चार-पाच सिनेमे शोधून बघितले, आणि लक्षात आलं की हे 'प्रत्येक देशात एक असते' वालं प्रकरण नाहीये. म्हणून हा लेख. सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी रंगाचं बघू, कारण ते कळलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही. फिलिपिन्सवर स्पेनने तीनशेच्या वर वर्षं राज्य केलं, १८९८ ला स्पेन गेला तर अमेरिका येऊन बसली ती थेट १९४६ पर्यंत, मध्ये तीन वर्षं जपान. एवढ्या सगळ्याचा परिणाम असा की पडद्यावर दिसणारी हिरॉईन म्हणजे 'मेस्तिसा' असायची, म्हणजे गोऱ्या रक्ताची सरमिसळ असलेली, उंच नाक, उजळ कांती. ग्लोरिया रोमेरो, सुझन रोसेस, अमालिया फुएन्तेस अशी तेव्हाची मोठी नावं बघा, सगळ्या तशाच. आणि खाली खुर्चीत बसून तिकीट काढून बघणारं पब्लिक मात्र 'कायुमांगी', म्हणजे आपल्या भाषेत गव्हाळ-सावळं. या पब्लिकला शहरी शहाणी मंडळी 'बाक्या' म्हणून हिणवायची. बाक्या म्हणजे लाकडी चपला, आपल्या खडावांसारख्या, गरीब बायका घालायच्या. म्हणजे पडद्यावर मेस्तिसा आणि समोर खडावा. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, सुस्वरूप' छापून आणणाऱ्या आपल्या समाजाला यापेक्षा जास्त काय समजावून सांगायचं.

तर या अशा जगात २१ मे १९५३ ला इरिगा नावाच्या गावात नोरा जन्मली. बिकोल प्रांत, मनिलापासून बराच लांब, वादळांचा पट्टा. घरचं नाव नोरा काबाल्तेरा विलामायोर. भावंडं ढीगभर, खायचे वांधे. ही पोरगी इरिगाच्या रेल्वे स्टेशनवर गाडी थांबली की खिडक्यांपाशी पळत जाऊन प्रवाशांना पिण्याचं पाणी आणि शेंगदाणे विकायची. बाटलीबंद नाही हो, साधं पाणी. ही गोष्ट पुढे फिलिपिन्समध्ये इतक्या वेळा सांगितली गेली की आपल्याकडे सावित्रीबाईंवर शेण फेकल्याची गोष्ट जशी प्रत्येक पोराला माहीत असते तशी ती तिकडे झालीये. आणि त्या गाडीत बसलेल्यांच्या मानाने ही पोरगी म्हणजे खिडकीखालचा एक हात, बाकी काही नाही. हा हात लक्षात ठेवा.

मग ही पडद्यावर पोचली कशी? गाण्यामुळे. आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, जो बहुतेक लोक उलटा सांगतात. ते म्हणतात, मोठी अभिनेत्री होती आणि गायचीही. तसं नाहीये. त्या चेहऱ्याला, त्या उंचीला, त्या रंगाला स्टुडिओच्या वॉचमनने पण आत सोडलं नसतं. आवाज आधी आत गेला, आणि मागून नाइलाजाने चेहऱ्याला घ्यावं लागलं.

फिलिपिन्समध्ये तेव्हा रेडिओवर हौशी गायकांच्या स्पर्धांचं प्रचंड वेड होतं (अजूनही आहे, कराओके मशीन नाही असा मोहल्ला सापडायचा नाही). रेडिओवर कोण गोरं कोण काळं कुणाला दिसतंय. नोराची मावशी बेलेन मनिलाकडे राहायची, तिने पोरीला जवळ घेतलं, तिच्या सासरचं आडनाव आउनोर, तेच नोराने लावलं. छोट्या स्पर्धा जिंकत जिंकत 'तावाग नांग तांघालान' या देशातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत १९६७ ला ती विजेती ठरली, चौदा वर्षांची असताना. आवाज वयाच्या मानाने भारदस्त, खालच्या पट्टीतला, उगाच हरकती नाहीत. आणि गाणी कुठली म्हणायची? जुनी अमेरिकन इंग्रजी गाणी. म्हणजे घरात बिकोल बोलणारी, स्टेशनवर पाणी विकणारी मुलगी मनिलात जाऊन अमेरिकन प्रेमगीतं म्हणते आणि त्यावर देश फिदा होतो. गंमत वाटते, पण ज्या देशात अमेरिकेने शाळा इंग्रजीतून चालवल्या तिथे चांगलं इंग्रजी गाणं म्हणजे 'वर जायची' शिडी होती, आपल्याकडे कॉन्व्हेंटचं इंग्लिश होतं तशी.

त्याच वर्षी साम्पागिता पिक्चर्सने तिच्याशी करार केला. साम्पागिता म्हणजे मोगऱ्यासारखं फूल, त्यांचं राष्ट्रीय फूल, आणि त्याच नावाचा हा भलामोठा स्टुडिओ, नट-नट्या पगारी ठेवणारा, आपल्याकडे प्रभात होतं ना साधारण त्या पद्धतीचा. सुरुवातीला बारीकसारीक कामं, कुणाच्यातरी मागे उभं राहायचं, एखादं गाणं म्हणायचं आणि जायचं. पण रेकॉर्डी खपायला लागल्या. १९७१ च्या सुमाराची 'पर्ली शेल्स' ही तिची रेकॉर्ड दहा लाखांच्या वर खपली असं तिकडे सांगतात, त्या काळात त्या देशात हा आकडा म्हणजे वेडेपणा. आणि रेकॉर्ड घेणारं पब्लिक कोण, तर मोलकरणी, बाजारात बसणाऱ्या बायका, फॅक्टरीतल्या पोरी. खडावावाल्या. त्यांना पहिल्यांदा पडद्यावर आपल्यासारखी दिसणारी कोणीतरी हवी होती, आणि ती त्यांनी स्वतः पैसे मोजून मोठी केली. स्टुडिओने बनवलेली स्टार ही नव्हेच.

इथे 'लव्ह टीम' हा प्रकार समजून घ्यायला लागेल. फिलिपिनो सिनेमात एक हिरो आणि एक हिरॉईन यांची जोडी ठरवून टाकतात, दोघांनी एकत्रच सिनेमे करायचे, टीव्हीवर एकत्र, जाहिरातीत एकत्र, आणि फॅन लोकांनी असंच समजायचं की हे खऱ्या आयुष्यातही एकमेकांचे आहेत. नोराची जोडी तिर्सो क्रुझ तिसरा याच्याबरोबर, नावं 'गाय आणि पिप'. १९७१ ला याच नावाचा सिनेमा आला आणि तुफान चालला. पण खरी कमाल पुढे आहे. तिर्सोने तिला एक बाहुली दिली, नाव मारिया लिओनोरा तेरेसा, आणि फॅन लोकांनी ती बाहुली या दोघांची मुलगी आहे असं मानून टाकलं. नुसतं गमतीत नाही, तिचे लाड काय, तिला कपडे काय! आपण सत्यनारायणाला सुपारीचा गणपती मांडतो आणि त्याला गंध-फूल वाहतो तेव्हा आपल्याला ते सुपारी आहे हे माहीत असतंच की, तरी हात जोडतोच ना, तसंच काहीसं. तिच्या फॅनना 'नोरानियन' म्हणतात. दुसऱ्या बाजूला तिची प्रतिस्पर्धी नटी विल्मा सान्तोस, तिचे 'विल्मानियन'. ही भांडणं पन्नास वर्षं चाललीत, आमच्या अकाउंट्सवाल्या बाईसमोर विल्माचं नाव काढलं की ती चहाचा कप जरा जोरात ठेवायची.

इथपर्यंत असती तर नोरा एक पॉप्युलर गाणारी पोरगी म्हणून संपली असती. वयाच्या विशीत तिने काय केलं तर स्वतःची कंपनी काढली, एनव्ही प्रॉडक्शन्स, आणि जे सिनेमे कोणी काढले नसते त्यात स्वतःचे पैसे घातले. वेळ कुठली, तर १९७२ ला राष्ट्राध्यक्ष मार्कोसने मार्शल लॉ लावलेला, सेन्सॉर बोकांडी बसलेला. त्यात १९७६ ला ती दिग्दर्शक मारियो ओ'हाराचा 'तात्लोंग ताओंग वालांग दियोस' करते, नावाचा अर्थ 'देव नसलेली तीन वर्षं', जपानी काळातली एक शाळामास्तरीण, तिच्यावर बलात्कार करणाऱ्या सैनिकाशीच तिचा संसार होतो आणि गाव तिला देशद्रोही ठरवतं. कोणाच्या बाजूने उभं राहायचं हेच कळत नाही बघताना. त्याच वर्षी 'मिन्सा'य इसांग गामु-गामो', यात ती नर्स, अमेरिकेला जायची स्वप्नं बघणारी, आणि अमेरिकन तळावरचा एक सैनिक तिच्या लहान भावाला गोळी घालतो आणि सांगतो की मला रानडुक्कर वाटलं. तिथे ती ओरडते, माझा भाऊ डुक्कर नाहीये. हे वाक्य तिकडे अजून लोकांच्या तोंडात आहे.

१९८० चा 'बोना' तर माझा सगळ्यात आवडता, लिनो ब्रोकाचा. मनिलातल्या कियापो चर्चमधल्या काळ्या येशूची मिरवणूक निघते, लाखो लोक दोरीला हात लागावा म्हणून एकमेकांच्या अंगावर चढतायत, तिथून सिनेमा सुरू होतो. बोना ही बऱ्या घरची मुलगी, गार्दो नावाच्या एका फडतूस एक्स्ट्रा नटाच्या प्रेमात, प्रेमात म्हणजे भक्तीत. घर सोडून झोपडपट्टीत त्याच्याकडे जाऊन राहते, आणि बायको म्हणून नाही, मोलकरीण म्हणून. सार्वजनिक नळावरून पाणी भरून आणते, चुलीवर तापवते, आणि तो रात्री दुसऱ्या बाया फिरवून आला की त्याला आंघोळ घालते. कॅमेरा तिच्या हाताकडे आणि चेहऱ्याकडे. बोलणं फार नाही. आता विचार करा, जिच्यामागे सगळा देश वेडा, जिच्या बाहुलीला लोक मुलगी मानतात, ती स्वतःच्या पैशाने सिनेमा काढते आणि त्यात फॅनची भूमिका स्वतः करते. आपल्याच भक्तांची गोष्ट, आणि ती पण बिलकूल गोड नाही. हे धाडस मला इतर कुठल्या सुपरस्टारमध्ये दिसलेलं नाही, निदान पटकन आठवत तरी नाही. कान्सला १९८१ मध्ये दाखवला होता, मग कित्येक वर्षं धड प्रिंट मिळत नव्हती, आता दुरुस्त केलेली प्रत २०२४ ला परत कान्सलाच दाखवली.

आणि मग 'हिमाला'. आपल्याला वाटतं हिमालय, पण तागालोग या तिकडच्या मुख्य भाषेत 'हिमाला' म्हणजे चमत्कार. १९८२, दिग्दर्शक इश्माएल बेर्नाल, लेखक रिकी ली, आणि पैसे चक्क सरकारी संस्थेचे, मार्कोसच्या राजवटीतले. उत्तरेला इलोकोस नोर्ते प्रांतात पाओआय नावाच्या भागात शूटिंग, सगळीकडे वाळू, झाडाला पान नाही. कुपांग नावाचं दुष्काळी गाव, तिथली एल्सा नावाची साधी मुलगी, तिला सूर्यग्रहणाच्या दिवशी माउली मेरीचं दर्शन होतं. मग ती लोकांना हात लावून बरं करायला लागते. मग गर्दी, मग गावात हॉटेलं, पाण्याच्या बाटल्या, फोटो, कुंटणखाना सुद्धा. कुठल्याही बाबा-बुवाचा मठ उभा राहताना बघितलेल्या माणसाला यातलं एकेक पाऊल ओळखीचं वाटेल. पुढे जे होतं ते भयंकर आहे, सगळं सांगत नाही. शेवटी हजारो लोकांसमोर, तीन हजारांच्या आसपास एक्स्ट्रा आणले होते त्या सीनला, एल्सा टेकडीवर उभी राहते आणि ओरडते, "वालांग हिमाला!" चमत्कार बिमत्कार काही नाही, चमत्कार माणसाच्या आत आहे, शाप आपणच देतो, देव आपणच बनवतो.

हा सीन दोन-तीनदा आवाज बंद करून बघा, मी बघितलाय. ती रडत नाही. हात जरासे पसरलेले, मान ताठ, आणि डोळे एका जागी थांबत नाहीत, गर्दीतल्या एकेका माणसाकडे जातात, जणू प्रत्येकाला वेगळं सांगतेय. आजूबाजूला वारा सुटलाय, केस उडतायत, आणि सगळ्या फ्रेममध्ये तेवढे दोन डोळेच काय ते जिवंत. तिकडचे समीक्षक तिच्या डोळ्यांबद्दल पानंच्या पानं लिहितात, ते आधी मला अति वाटायचं. बर्लिनच्या महोत्सवात सिनेमा स्पर्धेत होता, आणि २००८ मध्ये सीएनएनने प्रेक्षकांची मतं घेतली तेव्हा आशिया-पॅसिफिकमधला सर्वांत आवडता सिनेमा म्हणून हाच निवडला गेला.

मोलकरणीचा मुद्दा राहिला. १९७८ च्या 'आत्साय' मध्ये तिने घरकामवालीच केली होती, 'आत्साय' हा शब्दच मुळी मोलकरणीसाठी वापरायचा जरा हिणकस शब्द. पण १९९५ ला गोष्ट सिनेमाबाहेर गेली. फ्लोर कोन्तेम्प्लासियोन नावाची फिलिपिनो मोलकरीण सिंगापूरमध्ये, तिच्यावर दुसऱ्या एका फिलिपिनो मोलकरणीच्या आणि एका लहान मुलाच्या खुनाचा आरोप, १७ मार्च १९९५ ला तिला फाशी दिली. फिलिपिन्समध्ये लोकांची खात्री होती की ती निर्दोष आहे, देशभर आगडोंब उसळला, परराष्ट्रमंत्र्याला जावं लागलं. कारण घराघरातून कोणीतरी बाहेर होतं, हाँगकाँग, सिंगापूर, आखात. आणि त्याच वर्षी जोएल लामांगानच्या सिनेमात फ्लोर झाली नोरा, कैरोच्या महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. दुसरी कोण होणार होती तरी? आमच्या ऑफिसातल्या बाईने पहिली सहा वर्षं दुबईत घरकामच केलं होतं, रात्री अकाउंट्सचा कोर्स करून मग ऑफिसात लागली, हे मला तिने हा सिनेमा सांगता सांगता सांगितलं.

यानंतरचा भाग पटकन उरकतो कारण मलाच तो वाचताना त्रास झाला. पैसे आले तसे गेले, क्रिस्टोफर दे लेओन या नटाबरोबरचं लग्न मोडलं, मग अमेरिकेत जाऊन राहिली, तिथे २००५ ला लॉस एंजेलिसच्या विमानतळावर ड्रग्ज बाळगल्यावरून अटक झाली, पुढे उपचाराचा कार्यक्रम पूर्ण केल्यावर केस रद्द झाली. आणि २०१० च्या सुमारास जपानमध्ये एक कॉस्मेटिक शस्त्रक्रिया बिघडली आणि तिचा गाण्याचा आवाज गेला. गेला म्हणजे गेलाच. ज्या आवाजाने तिला इरिगाच्या प्लॅटफॉर्मवरून उचललं तोच.

२०११ ला ती परत आली आणि २०१२ ला ब्रिलान्ते मेन्दोसाचा 'दाय वूम्ब' (इंग्रजी नाव, म्हणजे 'तुझा गर्भ') केला, व्हेनिसच्या स्पर्धेत गेला हा. अगदी दक्षिणेला तावी-तावी बेटं, समुद्रात खांबांवर उभी घरं, बाजाऊ मुस्लिम कोळी. नोरा म्हणजे शालेहा, गावची सुईण, शेकडो बाळंतपणं केलेली पण स्वतःला मूल नाही. प्रत्येक बाळंतपणानंतर ती नाळेचा एक तुकडा मागून घेते आणि घरी जपून टांगून ठेवते. नवऱ्याला मूल हवं म्हणून ती स्वतः त्याच्यासाठी दुसरी बायको शोधत होडीतून बेटाबेटाने फिरते, मुलीकडच्यांना द्यायच्या हुंड्याचे पैसे जमवते, विकायचं ते विकते. शेवटी नव्या बायकोचं बाळंतपण पण तीच करते. संवाद जेमतेम. आवाज गेलेली गायिका, आणि पडद्यावर नुसते डोळे आणि हात. या कामासाठी तिला आशिया पॅसिफिक स्क्रीन अवॉर्ड मिळालं.

मग सरकारचा मान. तिकडे 'राष्ट्रीय कलाकार' हा सगळ्यात वरचा किताब, निवड तज्ज्ञांच्या समित्या करतात आणि शिक्का राष्ट्राध्यक्षाचा. २०१४ ला समित्यांनी नोराचं नाव पाठवलं आणि राष्ट्राध्यक्ष आकिनोने ते गाळलं, कारण दिलं जुनी ड्रग्जची केस, लोकांपुढे चुकीचा आदर्श जाईल म्हणे. लोक खवळले. मला यात परत तेच दिसतं, खडावावाल्या बाईला दिवाणखान्यात घ्यायचं की नाही. शेवटी जून २०२२ ला मिळाला, आणि योगायोग म्हणजे त्याच यादीत 'हिमाला' लिहिणारा रिकी ली सुद्धा.

१६ एप्रिल २०२५, ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा, बुधवार. नोरा एकाहत्तर वर्षांची होती. २२ तारखेला मनिलाच्या वीरांच्या दफनभूमीत सरकारी इतमामाने तिला पुरलं. आमच्या बाईने मला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला होता, पांढरे कपडे घातलेल्या म्हाताऱ्या बायका रस्त्याच्या कडेला, एकीच्या कडेवर चक्क बाहुली. खाली तिने लिहिलं होतं, मी सुट्टी काढू शकले नाही, ऑडिट चालू आहे.

बघायचेच असतील तर आधी 'हिमाला' बघा, त्याची दुरुस्त केलेली स्वच्छ प्रत आहे. मग 'दाय वूम्ब'. 'बोना' शेवटी ठेवा आणि रात्री एकटे असाल तर बघू नका. त्या चुलीवरच्या गरम पाण्याचं शेवटी काय होतं ते मी मुद्दामच सांगितलं नाहीये.